रणांगणावरचं लोखंड : एकट्याने उकरायचं, पथकाबरोबर, की उकरायचंच नाही?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकाच्या गळ्यात पत्र्याचा एक लंबगोल बिल्ला असायचा. मधोमध चिरांची एक रेघ, आणि रेघेच्या वर जे ठोकलेलं तेच खालीही. सैनिक मेला की खालचा तुकडा मोडून कचेरीत पाठवायचा. वरचा तुकडा प्रेताबरोबर मातीत. बिल्ल्यावर नाव नसे. बिल्ला जिथे मिळाला त्या तुकडीचं संक्षिप्त नाव, यादीतला क्रमांक, रक्तगट, बास. नाव यादीत, आणि यादी बर्लिनला. त्या याद्या आजही आहेत. २०१९पासून त्या जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत.

एखाद्या जंगलात हातभर खोल अख्खा, न मोडलेला बिल्ला सापडला, तर बहुधा त्याचा अर्थ असा की या माणसाला रीतसर कोणी पुरलंच नाही. घरी 'बेपत्ता' एवढंच कळलं. बिल्ला, त्याच्याशेजारची हाडं आणि बर्लिनची यादी एकत्र आली, तर ऐंशी वर्षांनी का होईना, त्याला नाव मिळतं. कोणी बिल्ला तेवढा खिशात घातला, तर मागे उरतात बिननावाची हाडं, आणि नेणाऱ्याच्या हाती उरतो पत्रा.

जुन्या रणांगणांवर जाऊन काही शोधावं असं ज्यांच्या मनात घोळतंय आणि नक्की कोणत्या वाटेने जावं हे ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाटा ढोबळमानाने चार: एकट्याने धातुशोधक यंत्र, म्हणजे डिटेक्टर, घेऊन फिरणं, मृतांचा शोध घेणाऱ्या पथकात जाणं, पुरातत्त्वज्ञांच्या सर्वेक्षणात हात लावणं, किंवा कोणीतरी काढलेली वस्तू विकत घेणं. पाचवीही एक आहे, तिच्याकडे शेवटी येतो. कायदा, धोका, वेळ, खर्च हे सगळं पाहूच. पण माझी मुख्य फूटपट्टी एकच आहे. वस्तू कुठे, किती खोल, कशाशेजारी पडली होती हे त्या वाटेवर कोणी लिहून ठेवतं का?

एकट्याने, डिटेक्टर घेऊन

या वाटेची ओढ मला कळते. कानात खरखर, मग एक स्वच्छ सूर, दोन फावडी माती, आणि हातात शिशाची पांढरट पडलेली गोळी. दीडशे वर्षांत तिला हात लावणारे पहिले तुम्ही. संग्रहालयातल्या काचेला नाक लावून हे सुख मिळत नाही.

गंमत म्हणजे या यंत्राचा जन्मच गोळी शोधण्यासाठी झाला म्हणायला हरकत नाही. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात रुतलेली गोळी सापडेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं विद्युत् उपकरण घेऊन गेले. पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला, डॉक्टरांनी एकाच बाजूला शोधू दिलं, गोळी काही सापडली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हातात धरून चालता येईल असं सुरुंगशोधक यंत्र तयार केलं, आणि १९४२मध्ये एल अलामीनच्या लढाईत ते वापरलं गेलं. आजचा छांदिष्ट खांद्यावर घेऊन फिरतो तो त्याच घराण्यातला.

यंत्र घेताना मात्र नवखे एक चूक हमखास करतात. नाण्यांसाठी बनवलेलं, लोखंडाचा आवाज गाळून टाकणारं यंत्र घेतात आणि रणांगणावर जातात. तिथे लोखंड हाच मुद्दा असतो. शिवाय जमिनीत लोहखनिज जास्त असेल, व्हर्जिनियातल्या लाल मातीसारखी जमीन असेल, तर साधी यंत्रं बिथरतात. तिथे पल्स इंडक्शन जातीचं यंत्र खोलवर जातं, पण खिळा आणि गोळी यांत फारसा फरक सांगत नाही. म्हणजे खड्डे जास्त.

कायद्याकडे वळू, कारण बहुतेकांचा बेत इथेच बारगळतो आणि बारगळावाही. फ्रान्समध्ये १९८९च्या कायद्यानुसार इतिहास किंवा पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोल असलेल्या वस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायचा तर प्रशासनाची परवानगी लागते. सोम किंवा वर्दन या पहिल्या महायुद्धातल्या रणांगणांवर 'सहज फिरत होतो' ही सबब चालत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात डिटेक्टर चालवणाऱ्याला अधिकृत मान्यता घ्यावी लागते. जर्मनीत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान म्हणून जपलेल्या रणांगणांवर, म्हणजे गेटिसबर्गसारख्या ठिकाणी, डिटेक्टर वापरणं तर सोडाच, वापरायच्या तयारीत जवळ बाळगणंही गुन्हा आहे. आणि संघराज्याच्या मालकीच्या जमिनीतून शंभर वर्षांपलीकडच्या पुरावस्तू उपसल्या तर १९७९च्या कायद्याखाली दंड आणि तुरुंगवास दोन्ही होतात. त्याच देशात खासगी शेतात मालकाच्या संमतीने खणणं मात्र सर्रास चालतं. इंग्लंडमध्येही मालकाची परवानगी असली तर बरंच काही करता येतं, पण संरक्षित स्मारकांवर डिटेक्टर चालत नाही, आणि पडलेल्या लष्करी विमानाचे अवशेष १९८६च्या कायद्याने आपोआप संरक्षित आहेत. विमान कोणाच्याही शेतात पडलेलं असो, सरकारी परवान्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आत माणसाचे अवशेष किंवा दारूगोळा असण्याची शक्यता असेल तर परवाना मिळणं अवघडच.

थोडक्यात, 'जुनं रणांगण' म्हणजे मोकळं रान ही समजूत आधी काढून टाका.

आणि समजा कायद्याने वाट मोकळी आहे. मग दारूगोळ्याचं काय?

इथे मला थांबून बोलायचंय, कारण शंभर वर्षांपूर्वीचा गोळा म्हणजे मेलेला साप असं लोकांना वाटतं. फेब्रुवारी २००८मध्ये व्हर्जिनियात एक अनुभवी संग्राहक घराच्या अंगणात तोफेचा गोळा साफ करत होता. गोळा अमेरिकेच्या यादवी युद्धातला, म्हणजे १४०हून जास्त वर्षांचा, नौदलाच्या तोफेचा, वजन ७५ पौंड. तो फुटला. माणूस जागच्या जागी गेला आणि एक तुकडा सुमारे पाव मैलावरच्या घराच्या ओसरीत घुसला. हा नवखा नव्हता. आयुष्यभर असे गोळे हाताळलेला माणूस होता. मार्च २०१४मध्ये बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ बांधकामाच्या जागी पहिल्या महायुद्धातला गोळा फुटून दोन कामगार मेले. तिकडचे शेतकरी दर नांगरटीला वर येणारे गोळे बांधावर, विजेच्या खांबाशी ठेवून देतात आणि लष्कराचं पथक ते उचलून नेतं. बेल्जियममध्ये वर्षाला दीडशे-दोनशे टन असा माल निघतो. 'लोखंडी पीक' म्हणतात त्याला. शंभर वर्षं झाली, तरी पीक काही आटत नाही.

गोळा जुना होतो तसा मवाळ होत नाही. पहिल्या महायुद्धात पुष्कळ गोळ्यांत पिक्रिक आम्ल भरलेलं असे. ते धातूशी संयोग पावून असे क्षार बनवतं जे मूळ दारूपेक्षा धक्क्याला जास्त हळवे असतात. फ्यूजची, म्हणजे गोळा उडवणाऱ्या कळीची, स्प्रिंग गंजून एका धाग्यावर टिकलेली असू शकते. रासायनिक गोळ्यांचं कवच पातळ होत जातं, आतलं मस्टर्ड हे विषारी रसायन तसंच राहतं. वर्दनजवळच्या जंगलात युद्धानंतर रासायनिक गोळे आणून जाळले गेले. त्या जागेची माती आजही आर्सेनिकने इतकी भरलेली आहे की तिथे धड गवत उगवत नाही. बाल्टिक किनाऱ्यावर उझेडोम बेटापाशी लोक वाळूत अंबर समजून पिवळसर खडा उचलतात, खिशात घालतात. तो बॉम्बमधला फॉस्फरस निघतो आणि वाळला की पेट घेतो. बेल्जियममधल्या मेसिनला ७ जून १९१७ रोजी ब्रिटिशांनी टेकडीखाली पुरलेले १९ महासुरुंग एकदम उडवले. न उडवलेल्यांपैकी एक १९५५मध्ये वीज पडून आपोआप उडाला. त्यात एक गाय मेली. बाकीचे काही अजून जमिनीखाली आहेत.

म्हणून एकट्याच्या वाटेवर नियम एकच: गोल, जड, टोकदार, नळीसारखं काही दिसलं की फावडं खाली ठेवायचं, जागा लक्षात ठेवून मागे यायचं आणि पोलिसांना कळवायचं. गाडीत घालून घरी न्यायचं नाही. 'बघू तरी आत काय आहे' म्हणून पान्याने फ्यूज फिरवणाऱ्याला धाडसी म्हणत नाहीत.

या वाटेचा एक पाळीव प्रकारही आहे. अमेरिकेत आयोजक खासगी शेत दोन-तीन दिवसांसाठी घेतात, शुल्क भरून लोक येतात, सगळे एकाच वेळी खणतात. सैन्याचा हिवाळी तळ जिथे पडला होता तिथे गुंड्या, बिल्ले, न झाडलेल्या गोळ्या मिळतात. कायद्याचा प्रश्न मिटतो, सोबत मिळते, जाणकार शिकवतात. सुट्टीची मजा म्हणून ठीक. पण शेकडो लोकांनी तीन दिवसांत उपसलेल्या शेताचा नकाशा कोण काढतं? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही.

घरी आणल्यावर काय होतं हेही जाहिरातीत नसतं. मातीतून काढलेल्या लोखंडात क्लोराइड मुरलेलं असतं. हवा लागली की महिन्याभरात त्याला घाम फुटतो, पापुद्रे सुटतात, आणि दोन-तीन वर्षांत संगिनीचा भुगा होतो. संग्रहालयं असं लोखंड महिनोन्महिने अल्कलीच्या द्रावणात बुडवून ठेवतात. कपाटातल्या वस्तूसाठी एवढं कोण करतं? शिशाच्या गोळीवरचा पांढरा थर घासून चमकवणारे तर ती गोळीही खराब करतात आणि विषारी धूळ स्वतःच्या नाकात घालतात. वर ती ओक लाकडाच्या देखण्या पेटीत ठेवतात. ओकमधून निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते.

मृतांना शोधणारी पथकं

इथे मामला वेगळा. वस्तू दुय्यम, माणूस मुख्य.

या कामाचं सर्वांत मोठं रूप रशियात उभं राहिलं. नोव्हगोरोद प्रांतातल्या म्यास्नोय बोर या रेल्वे स्थानकाच्या परिसरात १९४२मध्ये सोव्हिएत दुसरं आघाती सैन्य वेढ्यात सापडून संपलं. युद्धानंतर तिथेच रेल्वेत काम करणाऱ्या निकोलाय ओर्लोव्ह यांनी जंगलात उघड्यावर पडलेली हाडं गोळा करायला, कागद वाचायला, घरच्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. पुढे त्यातूनच 'दोलिना' म्हणजे 'खोरं' या नावाची शोधमोहीम उभी राहिली, आणि १९८०च्या दशकाअखेरीपासून देशभरातली पथकं दर वसंतात 'स्मृती पहारा' म्हणून बाहेर पडू लागली.

तिथला जीव की प्राण म्हणजे एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, छोटी नळी. फिरकीचं झाकण, आत कागदाची सुरळी: नाव, गाव, घरच्यांचा पत्ता. पाणी शिरलं नसेल तर वाचता येते. पण कित्येक नळ्या कोऱ्या निघतात. कागद भरला की मरण ओढवतं अशी समजूत सैनिकांत होती. कोणी सुई ठेवली, कोणी तंबाखू. नोव्हेंबर १९४२मध्ये तर सैन्याने या नळ्या देणंच बंद केलं. त्यामुळे नंतरच्या मृतांची ओळख पटवायची ती चमच्यावर कोरलेल्या आडनावावरून, पदकाच्या क्रमांकावरून. म्हणजे चमचा. बाजारात ज्याला कोणी विचारत नाही तो गंजका चमचा इथे जन्माचा दाखला ठरतो, आणि 'हा कुठल्या सांगाड्याबरोबर होता?' या प्रश्नाला उत्तर नसेल तर तोही फुकट.

पथकं आणि 'काळे खोदकरी' यांच्यातली रेघ इथेच आहे. दोघांकडे यंत्र तेच, फावडं तेच, जंगल तेच. काळा खोदकरी बिल्ला-पदक काढतो आणि हाडं खड्ड्याबाहेर फेकतो. पथक कागद भरतं.

बाहेरच्या माणसाला यात कितपत शिरकाव आहे? रशियात सध्याच्या परिस्थितीत जाणं मी कोणालाच सुचवणार नाही. जर्मनीची युद्धसमाधींची संस्था, फोल्क्सबुंड, १९१९पासून काम करते. हाडं उकरण्याचं काम तिचे प्रशिक्षित लोक करतात, हौशी तरुणांसाठी दफनभूमींच्या देखभालीची शिबिरं असतात. बाल्टिक देशांत स्वयंसेवी पथकं आहेत आणि काही बाहेरच्यांना घेतातही. मात्र इथे डोळे उघडे ठेवायला हवेत, कारण याच भागात पैसे घेऊन 'महायुद्धाच्या अवशेषांची सफर' विकणारेही आहेत. २०१४मध्ये एका मोठ्या दूरचित्रवाहिनीने लॅटव्हिया आणि पोलंडमध्ये चित्रित केलेली अशीच एक मालिका प्रसारणापूर्वीच मागे घेतली. झलकीत खोदणारे जर्मन सैनिकाची हाडं ज्या तऱ्हेने ओढून काढत होते ते पाहून पुरातत्त्वज्ञ खवळले होते.

ही वाट मनाला जड जाते. दिवसभर गुडघाभर चिखल, आणि हाती येतं ते कोणाच्या तरी विशीतल्या मुलाचं जबड्याचं हाड. घरी नेण्यासारखं काही नसतं, असूही नये. एकट्या जपानचं उदाहरण घ्या: मायदेशाबाहेर मेलेल्या सुमारे २४ लाखांपैकी ११ लाखांहून अधिक जणांचे अवशेष अजून परतलेले नाहीत. काम पुष्कळ आहे. हात कमी पडतात ते फावडी मारणारे नव्हेत, तर कागद नीट ठेवणारे.

सर्वेक्षणातला डिटेक्टरवाला

एकेकाळी पुरातत्त्वज्ञ डिटेक्टरवाल्यांना दरोडेखोरच समजत, आणि बऱ्याचदा त्यात चूकही नव्हती. हे नातं बदललं ते अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नवर. १८७६मध्ये लकोटा आणि शायेन योद्ध्यांनी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या तुकडीचा जिथे फडशा पाडला ते हे मैदान. ऑगस्ट १९८३मध्ये तिथे वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली, आणि डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी १९८४-८५मध्ये चक्क हौशी डिटेक्टरवाल्यांनाच बोलावलं. ओळीत उभं केलं, ठरावीक अंतराने चालवलं. सूर आला की खणायचं नाही, नुसतं निशाण रोवायचं. मागून येणारा दुसरा गट उकरणार, तिसरा मोजून नकाशावर टिपणार.

मग पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं, प्रयोगशाळेत गेल्या. बंदुकीचा घोडा पुंगळीच्या बुडावर खूण उमटवतो, आणि ती खूण प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. खुनाच्या तपासात पोलीस हेच पाहतात. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या नकाशावर जोडत गेले आणि ती बंदूक धरणारा माणूस मैदानावर कुठून कुठे गेला याची रेघ उमटली. मूळनिवासी योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टरसारख्या भराभर झाडता येणाऱ्या बंदुका किती होत्या हेही त्यातूनच दिसलं. शेवटच्या गोळीपर्यंत एका टेकडीवर शर्थीने लढलेल्या तुकडीचं जे चित्र रंगवलं जात होतं, त्याला या पुंगळ्यांनी तडे दिले.

त्या पुंगळ्या शंभर पर्यटकांच्या खिशातून शंभर घरी गेल्या असत्या, तर प्रत्येक घरात एक पुंगळी असती आणि ही रेघ कुठेच नसती.

इंग्लंडमधलं बॉझवर्थ घ्या. १४८५मध्ये राजा तिसरा रिचर्ड जिथे पडला ते मैदान म्हणून दाखवली जाणारी टेकडी वर्षानुवर्षं ठरलेली होती, तिथे स्मारककेंद्रही होतं. २००५पासून ग्लेन फोर्ड यांच्या पथकाने आजूबाजूची शेतं पट्ट्यापट्ट्याने चाळली. बराच काळ हाती काही नाही. मग शिशाचे तोफगोळे सापडू लागले, तीसहून जास्त, आणि मुलामा दिलेला चांदीचा इवलासा रानडुक्कर, म्हणजे रिचर्डच्या माणसांची खूण. जागा टेकडीपासून सुमारे ३ किलोमीटर दूर निघाली. इथे 'बराच काळ काही नाही' हे वाक्य पुन्हा वाचा. रिकामी शेतंही नोंदली गेली, म्हणून भरलेल्या शेताला अर्थ आला. एकटा छांदिष्ट रिकामी शेतं कधी लिहून ठेवतो का?

माझं आवडतं उदाहरण मात्र टोनी क्लन यांचं. जर्मनीत नेमणूक असलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी, डिटेक्टरचा नाद. १९८७मध्ये ओस्नाब्रुक परिसरात शोधायला सुरुवात करण्याआधी तो गेला तिथल्या पुरातत्त्व अधिकाऱ्याकडे, वोल्फगांग श्ल्युटर यांच्याकडे. कुठे शोधू, विचारलं. परवानगी घेतली. कालक्रीझमध्ये त्याला रोमन चांदीची नाणी मिळाली; पुढच्या वर्षी शिशाचे तीन गोफणगुंडे. नाणी व्यापाऱ्याचीही असू शकतात, गोफणगुंडा सैनिकाचाच. इसवी सन ९मध्ये रोमच्या तीन लीजन, म्हणजे मोठ्या पलटणी, ज्या जंगलात कापल्या गेल्या ती जागा शतकानुशतकं सापडत नव्हती. आज बहुतेक अभ्यासक कालक्रीझकडे बोट दाखवतात. त्या तीन गोफणगुंड्यांना बाजारात किंमत ती काय असणार?

२०१५पासून वॉटर्लूवर चालू असलेल्या प्रकल्पात युद्धातून परतलेल्या, मनाने किंवा शरीराने जखमी झालेल्या सैनिकांना पुरातत्त्वज्ञांबरोबर कामाला घेतात. तिथे बंदुकीच्या गोळ्यांचा व्यास मोजला की बाजू कळते. ब्रिटिश गोळी फ्रेंच गोळीपेक्षा जराशी मोठी. मोंसाँझाँच्या शेतघरात, जिथे लढाईच्या दिवशी जखमींना आणत होते, कापून टाकलेल्या पायांची हाडं निघाली आणि २०२२मध्ये एक अख्खा सांगाडा. वॉटर्लूवर हजारो मेले, पण सांगाडे फार म्हणजे फार थोडे सापडतात, त्यामुळे या एकाचं एवढं अप्रूप.

या वाटेच्या उण्या बाजू सांगितल्याच पाहिजेत. कामाचा वेग गोगलगायीचा. तुम्हाला सूर आला तरी उकरेल दुसरा. सापडलेली एकही वस्तू तुमची नाही. छायाचित्र घेता आलं तर नशीब. जागा थोड्या, अर्ज फार, आणि आठवडाभर मोजपट्टीचं दुसरं टोक धरून उभं राहायची तयारी हवी. दारूगोळ्याची जोखीम मात्र इथे सर्वांत कमी, कारण नीट चालवलेल्या कामात स्फोटकांचा जाणकार हाताशी असतो आणि कामाचा भाग आधी तपासलेला असतो.

विकत घेणं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. सोपं आहे, सुरक्षित आहे आणि बरंचसं खोटं आहे. जर्मन शिरस्त्राणं, नाझी बिल्ले, यादवी युद्धातले पट्ट्याचे बकल यांच्या नकला इतक्या बनतात की जाणकारही फसतात. नवी वस्तू वर्षभर मातीत पुरून 'रणांगणावरची' करणं काही अवघड नाही. गोष्टी तर वस्तूंपेक्षा जास्त बनावट. दातांच्या खुणा असलेली शिशाची गोळी 'भूल न देता पाय कापताना सैनिकाने चावलेली' म्हणून विकतात. तशा गोळ्यांपैकी बऱ्याच डुकरांनी चघळलेल्या असतात. जमीन उकरताना गोळी तोंडात आली, चावून पाहिली, थुंकली. आणि वस्तू खरी असेल तर प्रश्न आणखी अवघड: ती कोणी, कुठून, कोणाच्या गळ्यातून काढली? घ्यायचंच असेल तर सैनिकाच्या घरातून आलेलं, कागदपत्रांसह असलेलं घ्या, जमिनीतून आलेलं नको. ओळखबिल्ला तर मुळीच नको.

कागदात खणणं

ही पाचवी वाट. लॅम्बिस एंगलेझोस हे मेलबर्नचे चित्रकला शिक्षक. फ्रान्समधल्या फ्रोमेल इथे १९-२० जुलै १९१६च्या लढाईत मेलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांची बेरीज त्यांना जुळेना. कबरी आणि स्मारकांवरची नावं यांच्या हिशेबात माणसं कमी पडत होती. त्यांनी रेड क्रॉसचे कागद, जर्मन नोंदी आणि लढाईच्या आधीची-नंतरची हवाई छायाचित्रं समोर ठेवली. फेझंट वूड नावाच्या झाडीच्या कडेला लढाईनंतर खड्ड्यांची एक ओळ दिसत होती. अनेक वर्षं अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही. २००८मध्ये चाचणी खोदकाम झालं, २००९मध्ये २५० मृतदेह निघाले, २०१०मध्ये त्यांच्यासाठी नवी दफनभूमी उघडली. घरच्यांच्या डीएनएशी जुळवून दीडशेहून अधिक जणांना नाव मिळालं.

या माणसाने फावडं मारलं नव्हतं. कागदावरच्या बेरजेने जमीन दाखवली.

मग कोणी काय निवडावं

शोधण्याची झिंग हवी असेल आणि वस्तू घरी ठेवायची असेल, तर खासगी शेत, मालकाची लेखी संमती, नांगरटीचा वरचा थर आणि जिथे यादवी युद्धासारखी जुनी लढाई झाली अशी जागा. पहिल्या-दुसऱ्या महायुद्धाच्या जमिनीवर एकट्याने जाऊ नका, कायदा परवानगी देत असला तरी. आणि एक स्वस्त उपाय कराच: फोनमधलं जीपीएस चालू ठेवा, प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, खोली सेंटिमीटरमध्ये लिहा, गोळी झाडलेली की न झाडलेली ते लिहा. न झाडलेल्या गोळ्यांची रांग म्हणजे रांगेत उभी राहिलेली माणसं. एवढं केलंत तर तुमची डबी उद्या कोणा अभ्यासकाच्या कामी येईल.

इतिहासाचं कोडं सोडवायचं असेल, तर सर्वेक्षण. दुसरा विचार नको. डिटेक्टर चालवायचा सराव असेल तर तुमची किंमत वाढते.

घरात कोणी युद्धात बेपत्ता झालं असेल, किंवा मृतांबद्दलच ओढ असेल, तर आधी कागद, मग पथक. उलट क्रमाने जाणारे पहिल्या सांगाड्यापाशी गोंधळतात. शारीरिक कष्ट झेपत नसतील तर नुसत्या कागदावरही थांबता येतं, आणि फ्रोमेल पाहिल्यावर त्याला कोणी कमी म्हणू नये. विकत घेण्याची वाट मी संग्राहकांवर सोडतो. त्यांना माझा सल्ला नको असतो.

पथकात किंवा सर्वेक्षणात जायचं ठरलं, तर पैसे भरण्याआधी पत्राने चार गोष्टी विचारा. परवाना कोणाच्या नावावर आहे आणि त्याची प्रत दाखवाल का? स्फोटक सापडलं तर कोण येतं आणि येईपर्यंत आम्ही कुठे उभं राहायचं? हाड दिसलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करता? सापडलेल्या वस्तू मोहीम संपल्यावर कुठे जातात? चांगलं पथक या प्रश्नांवर खूश होतं आणि लांबलचक उत्तर पाठवतं, बरोबर नोंदवहीच्या पानाचा नमुनाही. 'या तर खरं, मग बघू' असं उत्तर आलं, किंवा उत्तरात पहिल्यांदा 'काय काय घरी नेता येईल' याची यादी आली, तर तिकीट काढू नका.